पुण्याजवळ नदीकाठचे, कमी गाड्यांचे सायकल रूट सुचवा (घाट नकोत!)

वारजेकरीण

नमस्कार मंडळी. आम्ही दोघी, मी नि माझी नणंद, दोघी पन्नाशीच्या आसपासच्या. दोघींकडे साध्या हायब्रीड सायकली आहेत, रेस वगैरे काही मारायची नाहीये. रविवारी सकाळी उजाडताना निघायचं, चाळीस-पन्नास किलोमीटर निवांत फिरायचं, मध्ये चहा-पोहे, आणि ऊन चढायच्या आत घरी, एवढंच. अडचण अशी की सिंहगड रोडने खडकवासल्याला जायचं तर चौपाटीपासून पुढे सगळा कणीस-भजीचा बाजार आणि डबल पार्किंग, पावसाळ्यात तर डोणजे फाट्याच्या अलीकडेच सगळं ठप्प असतं, आणि परत येताना तेच ट्रॅफिक समोरून अंगावर. पौड रोडचं काही बोलायलाच नको. नदी दिसेल, शेतं दिसतील, गावातून रस्ता जाईल आणि डंपर मागे लागणार नाही असा रस्ता पुण्याजवळ उरलाय का हो अजून? घाट नकोत, माझे गुडघे आता ऐकत नाहीत. शहराच्या बाहेरपर्यंत सायकली गाडीच्या कॅरिअरवर टाकून न्यायची तयारी आहे.

गिअर_तिसरा

ताई, उरलेत की. फक्त नकाशा उघडून नुसती नदी बघू नका, नदीचे दोन्ही काठ बघा. आपल्याकडे मोठा रस्ता जवळपास नेहमी एकाच काठाला असतो, हॉटेलं, रिसॉर्ट, प्लॉटिंगचे बोर्ड सगळे त्याच बाजूला, आणि समोरच्या काठाला गावं जोडणारा एक बारका डांबरी रस्ता असतो ज्यावर एसटी, दुधाच्या गाड्या आणि शाळेची पोरं सोडली तर कोणी नसतं. पुण्याच्या चारी बाजूंना हे लागू पडतं, अपवाद आहेत पण थोडे.

तुम्ही वारज्याच्या म्हणजे तुमच्या तर दारातच आहे. खडकवासल्याच्या पाण्याला दक्षिणेकडून डोणजे-खानापूर-पानशेत रस्ता जातो, ती सगळी जत्रा तिकडेच. त्याच पाण्याच्या उत्तरेकडून शिवणे, उत्तमनगर, कोंढवे धावडे करत कुडजे, आगळंबे, मांडवी आणि सांगरुण असा रस्ता आहे, लोक त्याला बहुली रोड म्हणतात. कोंढवे धावडेपर्यंत वैताग आहे हे खरं, दुकानं, रिक्षा, उलट्या दिशेने येणारे टू-व्हीलर, त्यामुळे तेवढा पट्टा सहा-साडेसहाच्या आत काढायचा. तिथून पुढे एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) हद्द लागते, झाडी दाट होते, एकदम गार वाटतं. तारेच्या कुंपणाच्या आत शिरायचं नाही, फोटोबिटोच्या भानगडीत पडायचं नाही. कुडजे सोडलं की डावीकडे पाणी दिसायला लागतं आणि पाण्यापलीकडे सिंहगड, टॉवरसकट.

सांगरुणला थोडं थांबा. आंबी, मोसी आणि मुठा अशा तिन्ही नद्या तिथं एकत्र येतात. आंबीवर पानशेत, मोसीवर वरसगाव आणि मुठेवर टेमघर, म्हणजे वरच्या तिन्ही धरणांचं पाणी इथूनच खडकवासल्याच्या तलावात शिरतं आणि तिथून आपल्या नळाला. खडकवासल्याचं दगडी धरण १८७९ चं, बाकीची सगळी नंतरची. मार्च-एप्रिलमध्ये पाणी खाली गेलं की गाळाच्या जमिनीवर लोक भाजीपाला लावतात, गुरं थेट मधोमध जाऊन बसतात, तेव्हा पाण्याची कड रस्त्यापासून लांब जाते. ऑक्टोबर ते जानेवारी मस्त असतं.

वारज्यातून जाऊन येऊन साधारण चाळीस पडेल. चढ-उतार आहेत पण घाट म्हणावा असा एकही नाही. एक सांगतो, गावात शिरताना गतिरोधक आहेत आणि निम्म्यांवर पट्टे नाहीत, सकाळच्या तिरप्या उन्हात दिसतच नाहीत.

हडपसरचा_पाहुणा

वरच्या 'समोरचा काठ' थिअरीला माझं पूर्ण अनुमोदन 😄 आमच्या पूर्वेला बघा, सोलापूर हायवे मुळा-मुठेच्या दक्षिणेला, लोणी, उरुळी, यवत सगळं तिकडे. नदी ओलांडून उत्तरेला आलात की मांजरी खुर्द, कोलवडी, साष्टे, अष्टापूर. सगळं सपाट, गुडघ्यांना काही त्रास नाही. दोन्हीकडे ऊस, मधे कुठं कांदा, फुलशेती, मळ्यामळ्यात घरं.

पण खरं सांगायचं तर मांजरी ते थेऊर या पट्ट्यात नदीकाठ म्हणजे वास. अख्ख्या शहराचं सांडपाणी घेऊन मुळा-मुठा तिथनं जाते, उन्हाळ्यात वर हिरवीगार जलपर्णी आणि बंधाऱ्याखाली फेस. लांबून फोटो छान येतो, जवळ गेलं की रुमाल. त्यामुळे नदीसाठी नाही तर शेतांसाठी जायचं तिथं. थेऊरला चिंतामणीचं दर्शन घ्यायचं असेल तर पूल ओलांडून जाता येतं, चतुर्थी असेल तर मात्र गर्दी ठरलेली.

माझा आवडता भाग त्याच्याही पुढे, राहू बेट. गाडीत सायकली टाकून केसनंद, वाडेबोल्हाई करत पुढे या आणि तिथं गाडी लावून सायकली काढा. एका अंगाला भीमा, दुसऱ्या अंगाला मुळा-मुठा, मधली जमीन म्हणजे बेट. राहू, वाळकी, देवकरवाडी, टाकळी भीमा, पिंपळगाव अशी गावं, काळी जमीन, नजर जाईल तिथपर्यंत ऊस. वाळकीजवळ दोन्ही नद्या एकमेकींना मिळतात, संगम बेट म्हणतात त्याला. मुख्य राहू-पारगाव रस्त्यावर ट्रॅफिक असतं थोडं, पण त्याला फुटणारे गावाचे रस्ते अगदी शांत.

आणि दौंड तालुका म्हटल्यावर गुऱ्हाळं आलीच. लांबनं चुलवणाचा धूर दिसतो आणि वारा तुमच्याकडचा असेल तर धुराच्या आधी वास येतो. एखाद्या ठिकाणी सायकल टेकवून उभं राहा, कोणी हाकलत नाही. काहिलीत (मोठ्या कढईत) रस उकळत असतो, वर मळी येते ती झाऱ्याने काढत राहतात, मळी सुटावी म्हणून काही जण अजूनही भेंडीच्या झाडाचं पाणी घालतात. गुळव्या तार बघून सांगतो की झालं, मग चारपाच माणसं काहील उचलून वाफ्यात ओततात, त्या वेळी मात्र बाजूला व्हायचं, आडवं यायचं नाही. गरम गूळ हातावर मिळतोच, काकवी बाटलीत भरून विकत मिळते. सायकलवर आणायची तर झाकण दोनदा तपासा, माझ्या सॅडल बॅगेला अजून मुंग्या येतात.

कोथरूडचा_कडबा

हडपसरकरांनी उसाचं सगळं गोड गोड सांगितलं, ट्रॉल्यांचं कोण सांगणार? 😀 दिवाळीच्या आसपास कारखाने सुरू झाले की पार मार्चपर्यंत डबल ट्रॉली लावलेले ट्रॅक्टर, दोन्ही बाजूंनी ऊस बाहेर आलेला, मागे रिफ्लेक्टर नाही, ड्रायव्हरच्या डोक्याशी स्पीकर ढणाढणा. तुमची बेल काय, मागच्या ट्रकचा हॉर्नसुद्धा त्याला ऐकू जात नाही. दोन ट्रॉल्यांच्या मधून किंवा कडेने घुसायचं नाही कधीच, पाठीमागे राहा, नाहीतर रस्ता सोडून उभे राहा. वळणावर मागची ट्रॉली आतल्या अंगाने कापत येते, पुढची नीट गेली म्हणून मागची जाईलच असं नाही. शिवाय रस्त्यावर पडलेला ऊस आणि पाचट, त्यावर दव पडलं की सायकल सरकलीच.

दुसरं, ऊस डोक्याच्या वर गेला की बिबट्या. जुन्नर-शिरूरपुरतं होतं ते आता दौंडकडेही आलंय. घाबरवत नाहीये, पण अंधारात एकट्याने जायचं नाही, पूर्ण उजाडल्यावरच निघायचं आणि उसाच्या कडेला वाकून चेन बसवत बसायचं नाही. चेन पडली तर वस्तीपर्यंत चालत जा.

मला विचाराल तर उसाच्या भागात जायचा सीझन म्हणजे जुलै ते सप्टेंबर. कारखाने बंद, रस्ते धुतलेले आणि पाऊस तिकडे मुळशी-मावळासारखा कोसळत नाही, येतो आणि जातो. बरोब्बर तेव्हाच सगळं पुणं लोणावळा-ताम्हिणीला पळत असतं, म्हणजे पूर्वेचे रस्ते मोकळेच.

फिक्सी_फॅन

कालव्याचा रस्ता कोणी कसा नाही सुचवला? नवा मुठा उजवा कालवा खडकवासल्यातून निघतो, शहरातून हडपसर, पुढे लोणी, उरुळी, यवत करत दौंड-इंदापूरकडे जातो. शहर सुटलं की कडेने सर्व्हिस रोड आहे, झिरो ट्रॅफिक, झाडांची सावली, चढ तर शून्य कारण पाणी वाहायचं म्हणजे उतार अगदीच नाममात्र. ग्रॅव्हल बाइक असेल तर स्वर्ग.

कोथरूडचा_कडबा

@फिक्सी_फॅन स्वर्ग खरा, पण काट्यांचा. सराटे आणि वेडी बाभूळ! कालव्याच्या भरावावर सराट्याचा वेल जमिनीलगत पसरतो, पावसाळा संपला की त्याचे काटे सुकून वाटेवर पडतात, पुढच्या-मागच्या दोन्ही टायरला एकदमच. ट्यूबलेस टायर आणि आत सीलंट (भोक आपोआप बुजवणारं द्रव) असेल त्यानेच जावं. ताईंच्या हायब्रीडला साध्या ट्यूब असणार, त्यात कालव्यावर मैलभर माणूस भेटत नाही. शिवाय आवर्तन (शेतीच्या पाण्याची पाळी) सुटलेलं असलं की कालवा काठोकाठ असतो आणि त्याला कठडा नाही. मी तरी दोघींना तिकडे पाठवणार नाही.

मावळचा_भाचा

पश्चिमेकडची बाजू मी सांगतो, मामाचं गाव पवनेकाठी. एक्स्प्रेसवे सगळ्यांना माहितीये, सायकलला तिथं बंदीच आहे, पण त्याच्या खालच्या अंगाने पवना कशी वळसे घेत जाते ते गाडीतून कोणाला कळत नाही. रावेत-किवळे ओलांडून गहुंज्याचं स्टेडियम मागं टाकलं की साळुंब्रे, गोडुंब्रे, दारुंब्रे, लहानपणी आम्ही ही नावं एका दमात म्हणायचो. तिथून शिरगाव, किंवा आणखी दम असेल तर चांदखेड, आढले करत पवनानगरच्या दिशेने. भातखाचरं, विटभट्ट्या, बैलगाडा शर्यतीचे घाट (हा चढायचा घाट नाही ताई, बैल पळवायचा) आणि मधेच कोणाचा तरी पाच कोटींचा बंगला, असा हल्लीचा मावळ आहे.

भाताचं वेळापत्रक लक्षात ठेवा. जूनअखेर ते जुलै चिखलणी आणि लावणी. ट्रॅक्टरला लोखंडी केजव्हील लावून तसेच रस्त्यावरनं खाचरातून खाचरात जातात, डांबराला चरे पडतात आणि वर ओला चिखल सांडत जातो. बारीक टायर त्या चऱ्यात शिरला तर हँडल ऐकत नाही, आडवे व्हाल. लावणी उरकली की ऑगस्टअखेरपासून रस्ता पावसाने आपोआप साफ होतो. दसरा-दिवाळीच्या मधे गेलात तर भात पिवळा पडलेला असतो आणि सकाळच्या दवात त्याचा असा काही वास सुटतो की बस्स. इंद्रायणी तांदूळ वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातलाच, त्यामुळे गावात कोणाच्या ओट्यावर चहा मिळाला तर तांदळाची चौकशी करून या, नवा मिळतो पण नवा गिचका होतो, जुना मागा.

इंद्रायणीकाठी देहू, येलवाडी, सांगुर्डी हाही तुकडा गोड आहे, वर भंडारा डोंगर दिसत राहतो. फक्त तळेगाव-चाकण रस्त्याच्या वाटेला जाऊ नका, कंटेनरची रांग असते, ओलांडायचा तर उतरून ओलांडा. आणि नदीवरचे जुने लोखंडी साकव, छोटे पूल दिसले आणि बोर्ड लावलेला असला की गुपचूप मागे फिरा. कुंडमळ्याचा पूल १५ जून २०२५ ला पडला, चार माणसं गेली. त्याच्यावर दुचाक्या नि माणसं एकदम उभी होती. सायकलवाल्यांना वाटतं आपण हलके, आपल्याला काय होतंय. पुलाला ते कळत नाही.

गिअर_तिसरा

मावळच्या भाच्याचं वाचून आठवलं, जानेवारी २०२६ ला पुणे ग्रँड टूर ही सायकल शर्यत झाली, त्याच्यासाठी मुळशी, मावळ, भोर, पुरंदर सगळीकडचे रस्ते गुळगुळीत केले. सायकलवाले खूश, मीही खूश. पण गुळगुळीत रस्ता झाला की चारचाकीवाले पण तिकडूनच यायला लागतात आणि ज्या वळणावर पूर्वी खड्ड्यांमुळे तीसने यायचे तिथे आता ऐंशीने येतात. त्यामुळे माझी तरी निवड आता उलटी झालीय, चांगला रस्ता दिसला की जरा संशय घ्यायचा, थोडा उखडलेला, एकेरी, साइडपट्टी नसलेला असला की तो आपला. ३५ एमएमचा टायर असेल तर तेवढी खडखड सहज सोसते, हवा थोडी कमी ठेवायची.

आळंदी_रिटर्न

तुळापूर राहिलं की! भीमा-इंद्रायणीचा संगम, संगमेश्वराचं देऊळ, संभाजी महाराजांचं समाधीस्थळ. नदी तिथं चांगली रुंद आहे, घाटावर बसायला जागा. आळंदीकडून मरकळ मार्गे येतात बरेच जण, पण मरकळला कारखाने आहेत, कामाच्या दिवशी ट्रक असतात, रविवारी बरं. वाघोली-लोणीकंदकडून यायचं म्हणाल तर फुलगाव मार्गे या. भावडी-लोणीकंदच्या खाणींचे डंपर सकाळी सहालाच सुरू होतात, खडी सांडलेली असते, तो तुकडा गाडीतच पार करा आणि फुलगावला सायकली उतरवा. पुढे वढू बुद्रुकपर्यंत जाऊन परत आलात तरी छान होतं.

काही दिवस टाळायचे. १ जानेवारीला पेरणे फाट्याला जयस्तंभाला लाखो लोक येतात, आदल्या दिवसापासून नगर रोडची वाहतूक वळवतात. कार्तिक वद्य एकादशीला आळंदी आणि आषाढीच्या आधी पालख्या निघतात तेव्हा देहू-आळंदी दोन्ही. म्हणजे वारीसाठी जरूर जा, सायकल चालवायला जाऊ नका.

निवांत_पॅडल

मी बाईमाणूस म्हणून थोडं वेगळं लिहिते, पुरुषमंडळी हे कधी लिहीत नाहीत. आतल्या रस्त्यांवर पेट्रोल पंप नसतो, म्हणजे टॉयलेट नसतं. झेडपीची शाळा रविवारी कुलूपबंद. मग उरतात देवस्थानं. थेऊर, वाडेबोल्हाई, तुळापूर, देहू इथं सोय आहे, म्हणून मी तरी रूट आखताना निम्म्या अंतरावर मोठं देऊळ येईल असा आखते. बहुली रोडला अशी सोय मला आढळली नाही, तिथं एखाद्या घरी सरळ विचारायचं, "मावशी, जरा बाथरूम वापरू का", आजवर कोणी नाही म्हटलं नाही, उलट पाणी नि चहा होतो आणि कुठून आलात, पोरं किती, सायकलीला पैसे किती पडले, एवढी सगळी चौकशी होते. सायकलची खरी किंमत सांगू नका, त्यांना तुमच्याबद्दल काळजी वाटायला लागते 😅

कुत्री. वस्तीच्या कडेला, पोल्ट्रीजवळ हमखास. पळवायची नाही सायकल, चढ असेल तर पळवणार तरी कुठे. उतरायचं, सायकल आपल्या नि कुत्र्याच्या मधे धरायची आणि चालत राहायचं, दहा पावलांत त्याची हद्द संपते.

दोघी आहात तर गावात शिरेपर्यंत एकामागे एक चालवा, मागचीला लाल दिवा भर दिवसासुद्धा. हँडलला आरसा लावून घ्या, वळून बघायच्या नादात सायकल रस्त्याच्या मधे जाते, आरशाने ते थांबतं.

वारजेकरीण

बाई गं, एवढं सगळं! नणंदेला वाचून दाखवलं, गुऱ्हाळावर ती लगेच तयार. या रविवारी बहुली रोड करतोय, पाऊस संपला की पवनाकाठ आणि उसाचा सीझन सुरू व्हायच्या आधी राहू बेट एकदा बघून येऊ, गुऱ्हाळ चालू असतं ना हो तेव्हा? दुसरं म्हणजे पंक्चर. आम्हाला दोघींना चाक काढता येतं पण हवा भरायचा पंप छोटा आहे, त्याने पूर्ण भरत नाही. गावातल्या पंक्चरवाल्याकडे जमतं का?

हडपसरचा_पाहुणा

गुऱ्हाळं कारखान्यांसारखी ठरावीक महिन्यांतच चालतात असं नाही, ऊस मिळेल तशी चालवतात, पण भर पावसात जळण ओलं असल्याने कमी. ऑक्टोबरला गेलात तर धूर दिसेल कुठंतरी. रस मागताना ग्लास नसतो त्यांच्याकडे, तुमची बाटली न्या.

कोथरूडचा_कडबा

पंक्चरवाल्याकडे जमतं पण आधी व्हॉल्व्ह बघा. मोटारसायकलसारखा जाड असेल तर कुठेही हवा भरून मिळेल. बारीक, टोकाला छोटा स्क्रू असलेला प्रेस्टा असेल तर गावात त्याचं नोझल नसतं, पितळी अडॅप्टर येतो नखाएवढा, सायकलच्या दुकानात अगदी स्वस्तात मिळतो, दोघींच्या बॅगेत एकेक टाका. आणि कॉम्प्रेसरने भरताना त्याला सांगा की थोडी थोडी भर, ट्रकच्या सवयीने दाबली की ट्यूब फाट् करून फुटते. एक एक स्पेअर ट्यूब तरी न्याच, सोल्युशन लावून पॅच बसेपर्यंत ऊन चढतं.

मावळचा_भाचा

ताई या रविवारी कुडज्याकडे जाताय तर परतताना उत्तमनगरला दहाच्या पुढे पोचू नका, भाजीबाजार भरलेला असतो. सांगरुणहून साडेआठला उलट फिरा.